दत्तादादाची पगारी रजा

"उद्या आडनाव सांग. नुसतं नाव नको. आणि मोठ्यानं सांग, त्यांच्या कानावर पडलं पाहिजे."

मालक खुर्चीत बसून बोलत होते. मी दारात उभी होते. केबिनमध्ये आणखी दोन खुर्च्या होत्या. एकीवर जुन्या अंकांचा गठ्ठा, दुसरी पाहुण्यांची. पाहुणा नसला तरी ती पाहुण्यांचीच.

मी विचारलं, कशाला.

"त्यांना बरं वाटतं," मालक म्हणाले. "मुंबईची माणसं आहेत. आपल्याकडं तुमच्यातली बाई कामाला आहे म्हटल्यावर निम्मं काम झालं."

तेरा वर्षांपूर्वी याच दारात याच माणसानं मला सांगितलं होतं, गिऱ्हाईकानं विचारलं तर नाव सांगायचं, आडनाव काढायचं नाही. तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते. तेव्हाही त्यांना बरं वाटावं म्हणूनच. फक्त माणसं वेगळी होती.

ही परभणीची गोष्ट आहे. एक सायंदैनिक, त्याला जोडून छापखाना. दुपारी चारला अंक निघायचा, उरलेल्या वेळात पत्रिका, पावत्या, हँडबिलं. मी खिळे जुळवायची. शिशाची एकेक अक्षरं उचलून पट्टीत लावायची, ओळ झाली की पुढची. लग्नाच्या पत्रिका आल्या की एक रीत होती. पत्रिकेची पहिली ओळ, देवाच्या नावाची, ती मी लावायची नाही. ती फोरमनकाका लावायचे. हात धुऊन, मांडीला पुसून, ती एक ओळ लावायचे आणि पट्टी माझ्याकडं सरकवायचे. दुसऱ्या ओळीपासून मी. नवरदेवाचं नाव, नवरीचं नाव, मामा, आत्या, मुहूर्त, भोजनाची वेळ, सगळं माझ्या बोटांनी. तेवढं चालायचं. मला त्यांचा देव नको होता. आम्ही घरातले देव कधीच पोत्यात बांधून नदीला दिले होते. मला ती ओळ हवी होती. पत्रिका पूर्ण माझी हवी होती.

एकदा काका आजारी होते आणि गिऱ्हाईक खोळंबून बसलं होतं. मी म्हणाले, मी लावते, कुणाला कळणार आहे. मालकांनी स्वतः बाह्या वर करून ती ओळ लावली. उलटी. प्रूफ काढल्यावर देव शेवटच्या अक्षराकडून वाचावा लागला. मी हसले म्हणून दोन दिवस घरी बसवलं.

आमचं गाव बोरीच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी आम्ही एका पहाटे गाव सोडलं. काय झालं ते पुष्कळांनी लिहिलंय, मी पुन्हा लिहीत नाही. परभणीत आई सरपणाच्या मोळ्या विकायची. भाव ठरेपर्यंत मोळी डोक्यावरून उतरवायची नाही. मान मोडायला आली तरी नाही. म्हणायची, एकदा खाली ठेवली की घेणाऱ्याला कळतं, ही काही आता परत उचलत नाही. मी सौदा तिच्याकडून शिकले. छापखान्यात झाडायला लागले ती याच बोलीवर, की दुपारी तासभर वापरलेले खिळे परत खणातल्या ज्याच्या त्याच्या घरात टाकायचं काम मला द्या, फुकट करते. सहा महिन्यांत कोणतं अक्षर कोणत्या घरात हे मला डोळे झाकून कळत होतं. मग मी म्हणाले, आता पट्टी द्या, नाहीतर उद्यापासून झाडायलाही येत नाही. पट्टी मिळाली. पुढं प्रूफं वाचायला लागले, कारण माझ्यासारखी चूक दुसऱ्या कुणाला सापडत नव्हती. हे सगळं मी मिळवलं. कुणी दिलं नाही. माझी जीभ तिखट आहे आणि डोकं लवकर तापतं, हे छापखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि मला त्याची लाज नव्हती.

एक मात्र मिळालं नव्हतं. हजेरीच्या मस्टरवर नाव. तेरा वर्षं रोजंदारी. बाळंतपण झालं तेव्हा दहाव्या दिवशी कामावर, कारण जी मस्टरवर नाही तिला रजा कसली.

त्या काळात नामांतराच्या विरोधातले अग्रलेख मीच जुळवले. त्यातले शब्द सांगत नाही. बोटं माझी होती. एकेक अक्षर उचलायचं, आपल्यालाच दिलेली शिवी सरळ रेषेत लावायची, वर चुका तपासायच्या. घरी येऊन मी हात धुवायची. शिसं धुवायलेय असं सासूला वाटायचं.

आता दत्तादादा. हे त्याचं खरं नाव नाही. त्यानंच सांगितलं, लिहायचं तर लिही अक्का, पण नाव बदल. झरीच्या पुढं एका वाडीतला, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. छापखान्यात मशीन चालवायचा. उंच, सावळा, कानात बाळी. हे माझ्या त्याच्यावरच्या उपकारांबद्दल नाही, त्याच्या माझ्यावरच्या एका उपकाराबद्दल आहे.

छापखान्यात बायकांना संडास नव्हता. बायका दोनच, मी आणि कागद मोडणारी एक म्हातारी. लागलीच तर एसटी स्टँडवर जायचं, नाहीतर छापखान्यामागं पडक्या भिंतीआड. स्टँड लांब. भिंतीपलीकडून पायवाट होती. मी पहिल्या वर्षी पाणी प्यायचंच बंद केलं होतं. एक दिवस दत्तादादा काही न बोलता माझ्या मागून आला. मी चिडले, हातात वीट घेतली. तो भिंतीच्या कोपऱ्याला पाठ करून उभा राहिला. म्हणाला, "मी हितं थांबतो. कुणी आलं तर खोकंल." एवढंच. मग पुढची सगळी वर्षं तसंच. मी उठले की तो मशीन थांबवायचा, तेलाच्या चिंधीला हात पुसायचा आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचा. त्यानं कधी मान वळवली नाही. कधी त्यावर विनोद केला नाही.

तो वाळायला लागला ते आम्हाला दिसत होतं. ताप, जुलाब, तोंड आलेलं. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. चिठ्ठी घेऊन तो सरळ मालकाकडं गेला. लपवायचं त्याला सुचलंच नाही. मालकाला सगळं सांगावं, असं त्याला वाटायचं. मालकांनी चिठ्ठी हातात न घेता लांबून वाचली आणि म्हणाले, उद्यापासून येऊ नको, गावाकडं जा, आराम कर.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या हँडलला फिनेल लावलं. त्याचा पेला उकिरड्यावर. तो बसायचा ते पोतं जाळलं. मी म्हणाले, असं लागत नाही, आपणच पत्रक छापलंय. खरंच छापलं होतं, आरोग्य खात्याचं. शिवल्यानं, एकत्र जेवल्यानं, कपडे वापरल्यानं एड्स होत नाही. ती ओळ मी लावली होती. मालक म्हणाले, "छापणं आपला धंदा आहे. मानायला कुणी सांगितलं?"

त्याला कसा लागला हे मी विचारलं नाही. विचारणारे पुष्कळ होते. पण मी पुढंही काही बोलले नाही. पोटाची भीती होती, ती सांगून टाकते.

दोन महिन्यांनी मुंबईच्या एका संस्थेचं पत्र आलं. ज्या वृत्तपत्रांच्या कार्यालयात बायकांसाठी आणि एड्स झालेल्या कामगारांसाठी चांगलं धोरण आहे, त्यांचा गौरव करणार. जिल्ह्याच्या पत्रांचाही. मालकांना सन्मानचिन्हाचा सोस होता. धोरण म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. मला बोलावून म्हणाले, तुला त्या पत्रकाची भाषा येते, लिहून काढ काहीतरी.

मी काहीतरी लिहिलं नाही. तीन दिवस बसून लिहिलं. बायकांना वेगळा संडास. बायकांची नावं मस्टरवर. बाळंतपणाची रजा. कुणी अंगचटीला आलं तर तक्रार ऐकायला बाईच. एड्स झालेल्या कामगाराला काढणार नाही. त्याला झेपेल ते काम देऊ, झेपत नसेल तेव्हा पगारी रजा. त्याचं भांडं वेगळं ठेवणार नाही. त्याचा आजार बाहेर सांगणार नाही. एकेक कलम लिहिताना माझ्या अंगात ताप होता. मी मनात म्हणत होते, आता सापडलात. सही करा, छापा, भिंतीवर लावा. मग दत्तादादाला बाहेर कसा ठेवता बघते.

इथं माझी चूक झाली. जन्म छापखान्यात घालवलेल्या बाईची चूक. छापलेलं परत घेता येत नाही असं मला वाटायचं. एक अक्षर चुकलं तर लोक अंक घेऊन दारात येतात, दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो, हे मी रोज बघत होते. अक्षर चुकलं तर येतात. अख्खा कागद खोटा असला तर कुणी येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मालकांनी सही केली. वाचलंसुद्धा नाही.

आणि मग ते आडनावाचं बोलणं. उद्या कमिटी येणार, मी बायकांच्या वतीनं बोलायचं, आडनाव सांगायचं, मालकांनी अर्जात दत्ताचंही घातलं होतं, त्याच्याबद्दल विचारलं तर पगारी रजेवर आहे म्हणायचं.

मी म्हणाले, मला काय मिळेल?

मालक हसले. त्यांना हेच पाहिजे होतं. मी म्हणाले, मस्टरवर नाव. आत्ता, माझ्यासमोर, शाईनं. आणि संडास. त्यांनी गोदामाच्या दारावर 'महिलांसाठी' अशी पाटी आधीच लावली होती. दाराला कुलूप, आत कागदाची रिमं. मी म्हणाले, पाटीला काय करू, कुलूप काढा, रिमं काढा. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी एक कोपरा रिकामा झाला, बादली आली, फरशी टाकायचा शब्द मिळाला. मस्टर आला. मालकांनी माझं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि मागच्या तीन महिन्यांच्या रकान्यांत माझ्या सह्या घेतल्या. मी सह्या करत होते आणि मला वाटत होतं, जिंकले. मोळी उतरवली नाही.

दत्तादादाचं काय, हे मी मागितलं नाही. डोक्यात आलं होतं. पण ते मागितलं असतं तर सगळाच सौदा फिसकटला असता, हे मला कळत होतं. मी म्हणाले, आधी माझे पाय आत येऊ दे, मग त्याला ओढते. असंच म्हणतात सगळे.

कमिटीत तिघं होती. दोन बाया, एक गृहस्थ. पांढऱ्या केसांच्या बाई माझ्याशी नीट बोलल्या, मला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. मी आडनाव सांगितलं. मालकांनी मान डोलावली. बाईंनी कागद बघून विचारलं, "तुमचे एक सहकारी आजारी आहेत असं इथं म्हटलंय. ते कुठं आहेत?"

"रजेवर आहेत," मी म्हणाले. "पगारी."

"त्यांना कुणी त्रास दिला का? वेगळं वागवलं?"

"नाही."

माझा आवाज हलला नाही. त्यांनी लिहून घेतलं. जाताना माझा हात हातात धरून म्हणाल्या, तुमच्यासारख्या बाया आहेत म्हणून आशा वाटते. त्या रात्री मी जेवले. झोपलेसुद्धा. हे मला आजही सलतं.

गौरव परभणीतच झाला, एका सभागृहात. मला धोरणाची चौकट धरून स्टेजच्या कडेला उभं केलं होतं. काच जड होती. कुणीतरी विचारलं, हे धोरण लिहिलं कुणी? मालक माइकवर म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींनी रात्री जागून लिहिलं." सौभाग्यवती उठून हात जोडून बसल्या. टाळ्या झाल्या. चौकट माझ्या हातात आणि मी तिच्या मागं. तेवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. मस्टरवर नाव होतं ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या पानाचं प्रूफ माझ्यापुढं आलं. गौरवाची बातमी, चार कॉलम. खाली तीन ओळी होत्या. "झरीजवळच्या वाडीतील आमचे यंत्रचालक बंधू या असाध्य रोगाशी झुंजत असताना आम्ही त्यांना अंतर दिलेले नाही."

मी प्रूफ घेऊन केबिनमध्ये गेले. म्हणाले, ह्या तीन ओळी काढा.

मालक म्हणाले, नाव कुठं टाकलंय?

मी म्हणाले, "मालक, त्या वाडीतून मशीनवर येणारा एकच माणूस आहे. तिथं अंक जातो. हे छापलं तर त्याचं तिथलंही जगणं संपतं. आणि हे आपल्याच धोरणात आहे. आठवं कलम. बाहेर सांगणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. राग नव्हता आवाजात. समजावल्यासारखं बोलले. "तू आता मस्टरवर आहेस. मस्टरवरची माणसं मालकाशी असं बोलत नाहीत. जा, पान लाव."

तेव्हा मला कळलं मी काय विकत घेतलं होतं. तेरा वर्षं मी रोजंदारीवर होते आणि तोंड सोडून बोलत होते. काढलं तर काढलं. मस्टरवर आले आणि तोंडाला कुलूप लागायची वेळ आली. माझं नाव शाईनं लिहून घेताना मी माझी जीभ त्यांच्याकडं ठेवून आले होते. आणि दत्तादादाची लाज वर टाकली होती, सौद्यात फुकटची भर म्हणून.

मी बाहेर आले. पान दगडी टेबलावर लोखंडी चौकटीत बांधून तयार होतं, मशीनवर चढायचं बाकी होतं. किल्ली घेतली, चौकट सैल केली, चिमट्यानं कड उचकटली आणि त्या तीन ओळी उपसून काढल्या. हातावर घेतल्या. माझ्या खणापाशी गेले आणि एकेक अक्षर त्याच्या त्याच्या घरात टाकलं. झ झच्या घरात. र रच्या घरात. घाई केली नाही. सगळा छापखाना बघत होता. शिशाचा आवाज टक, टक.

फोरमनकाका जवळ आले. म्हणाले, "मालक काढतील तुला."

मी म्हणाले, काढू द्या.

ते पानाकडं बघत राहिले. "ह्या मोकळ्या जागेत काय घालू?"

"कोरी ठेवा."

त्यांनी त्या जागी कोरे ठोकळे भरले, किल्ली फिरवली. ते त्यांचं काम होतं म्हणून केलं. अंक तसाच निघाला. पहिल्या पानावर चौथ्या कॉलमच्या पायाशी एक पांढरा चट्टा. पाचच्या आत मालकांनी मस्टर मागवला, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि मस्टर वळवून मला दाखवला. मी चप्पल घातली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी तीच बातमी पुन्हा छापली. कालच्या अंकात तांत्रिक चुकीने काही मजकूर राहिला, अशी वर टीप देऊन. तीन ओळींसकट.

म्हणजे मी काही वाचवलं नाही. एक दिवस लांबवलं. हे कुणी शूरपणाची गोष्ट म्हणून सांगू लागलं तर मला राग येतो.

आठ दिवस मी घरीच पडून होते. कंटाळा आला होता, रागाचाही. मग उठले आणि झरीला जाणाऱ्या एसटीत बसले, पुढं वाडीपर्यंत चालत. दत्तादादा घरामागं मेंढी कातरत होता. त्यांच्यात लोकर कातरायला सगळी भावकी जमते, जो तो आपली कात्री घेऊन येतो, दिवसभर चेष्टा चालते, संध्याकाळी जेवण. तिथं कुणी नव्हतं. वहिनी मेंढीचे पाय धरून बसली होती आणि तो कातरत होता. दोन हात चालवायचा आणि थांबायचा. वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाली, "पेपर आला आन् दुसऱ्या दिशी भावकीनं निरोप धाडला. कातरायला येत न्हाईत म्हणे औंदा. पेपरमधलं खोटं नसतंय."

मी बसले. मी सगळं सांगितलं. काय विचारलं, मी काय बोलले, बदल्यात काय घेतलं. काही वगळलं नाही.

दत्तादादानं कात्री खाली ठेवली. म्हणाला, "म्हंजे मी रजेवर हाव म्हण की. मला सांगायचं तरी. मी उगंच घरी बसल्यासारखा बसलो."

वहिनी हसली. मला हसता आलं नाही.

मग त्यानं विचारलं, "नाव लागलं होतं का पर तुझं? मस्टरवर?"

मी म्हणाले, नऊ दिवस.

"बरं झालं," तो म्हणाला. "नऊ दिवस तर नऊ दिवस." आणि म्हणाला, "अक्का, मला त्या कागदाचं काय कळत न्हाई. पर मी काम सोडलं न्हाई. मला काढलं. येवढं कुणीतरी लिहून ठेवा."

त्यानं शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मी मेंढीचे पाय धरले आणि वहिनीनं दुसरी कात्री घेतली. अंधार पडायच्या आत अकरा मेंढ्या झाल्या.

परत येऊन मी मुंबईला पत्र लिहिलं. पुन्हा वाडीला जाऊन दत्तादादाला वाचून दाखवलं, मगच पेटीत टाकलं. मी तुमच्यापुढं खोटं बोलले. तो माणूस रजेवर नव्हता, त्याला काढलं होतं. गोदामावरची पाटी खोटी, मस्टरवरच्या माझ्या सह्या मागच्या तारखांच्या. धोरण मी लिहिलं आणि त्यातलं एकही कलम त्या इमारतीत पाळलं गेलं नाही. खाली आडनावासकट सही केली.

महिन्यानं उत्तर आलं. टाइप केलेलं. तुमच्या भावना समजल्या. गौरव हा सादर केलेल्या लेखी धोरणासाठी होता, अंमलबजावणीची चौकशी आमच्या कक्षेत येत नाही. खाली कुणाची तरी बारीक सही. पांढऱ्या केसांच्या बाईंची होती की नाही ते वाचता आलं नाही.

दरम्यान नामांतर झालं. आमच्या वस्तीत निळे झेंडे लागले, साखर वाटली, म्हाताऱ्या रडल्या. मीही रडले. त्याच छापखान्यातून अभिनंदनाचा विशेषांक निघाला. ज्यांनी इतकी वर्षं विरोधातले अग्रलेख लिहिले त्यांनीच स्वागताचा लिहिला. अक्षरं जुळवायला आता कोण बसतं मला माहीत नाही. मी त्या दिवशी मनात एवढंच ठरवलं की कुठल्याही फलकाकडं बघून आता हुरळून जायचं नाही. नाव झालं, चांगलं झालं, त्यासाठी माणसं गेली. आत काय चालतं ते आत जाऊनच बघायचं.

मी आणि दत्तादादानं कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज दिला. दोन अर्ज, त्याचा वेगळा, माझा वेगळा. त्याच्या अर्जात आजाराचं नाव किती लिहायचं ते त्यानंच ठरवलं. त्याचा अंगठा चालला असता, पण त्यानं सही केली, वेळ लावून.

त्यानंतर फोरमनकाका माझ्या घरी आले. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच. बाहेरच उभे राहिले, मी आत या म्हणाले तर आले, बसले, पाणी घेतलं. मालकांचा निरोप होता. परत ये. मस्टरवर नाव घेतो, तेरा वर्षं मागून धरतो. संडासाची फरशी झाली आहे. फक्त मुंबईला लिहिलेलं पत्र रागाच्या भरात लिहिलं असं एका कागदावर दे, आणि अर्ज मागं घे.

मी विचारलं, आणि दत्तादादाचा अर्ज?

काका म्हणाले, "त्याचं वेगळं. त्याचे असे किती दिवस राहिलेत पोरी?"

मी जन्मभर सौदे केले. बोलणं आलं की माझ्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू होतो, हे सोडायचं, ते धरायचं, इथं ताणायचं. तेव्हाही सुरू झाला. तेरा वर्षं मागून, म्हणजे काय काय, हे डोक्यात फिरूनही गेलं. खोटं कशाला बोलू. मग मी तो थांबवला. काकांना म्हणाले, तुम्ही चहा पिऊन जा, पण निरोपाला माझ्याकडून उलट निरोप नाही. ते म्हणाले, काहीतरी अट सांग, मी बोलून बघतो. मी म्हणाले, अट नाही. काका चहा पिऊन गेले. भाव न करता मी परत पाठवलेला तो पहिला माणूस.

आता दुसऱ्या एका छापखान्यात जाते, तासावर. नवरा म्हणतो, चालून आलेलं घालवलं. सासू बोलत नाही. घरात चूल पेटते, पण कशीबशी. मी दमलेय. हे लिहितानाही मला बरं वाटत नाहीये, मन मोकळं वगैरे काही होत नाहीये.

सोमवारी कामगार अधिकाऱ्यापुढं आमच्या अर्जांची तारीख आहे. दत्तादादा गेल्या आठवड्यात उठून बसला होता, परवा पुन्हा पडला. गाडीत बसण्यासारखा असला तर त्याला घेऊन जाईन. नसला तर एकटी जाईन. मालकांचा वकील मला पहिलाच प्रश्न काय विचारणार ते मला माहीत आहे. बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? त्यानं विचारायची वाट मी बघणार नाही. उभी राहीन आणि आधी माझं खोटं सांगेन, सगळं, कशाच्या बदल्यात तेही. मग त्यांचं सांगेन.